शोनबर्ग : श्रद्धा आणि अपुऱ्या राहिलेल्या रचना

1933 सालच्या जुलै महिन्याच्या 24 तारखेस पॅरिसमधील रु कोपर्निक ह्या रस्त्यावरील सिनेगॉगमध्ये एक छोटासा समारंभ झाला. 58 वर्षांच्या एका संगीतकाराने, 35 वर्षांपूर्वी सोडलेल्या यहुदी धर्मात आपण परत येत आहोत, असे तेथील रब्बीसमोर लेखी जाहीर केले. त्या लेखावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत चित्रकार मार्क शगाल होता. हा संगीतकार म्हणजे आर्नोल्ड शोनबर्ग. वस्तुतः यहुदी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ह्या विधीची गरजच नव्हती, कारण जन्माने यहुदी असलेला मनुष्य धर्म सोडून गेला तरी यहुदीच राहतो. तेव्हा ह्या कागदाचे प्रयोजन धर्मसंस्थेला नव्हते. ते होते तर स्वतः शोनबर्गला.

हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा सहा महिने होत आले होते. साहजिकच, शोनबर्गला यहुदी केले ते हिटलरने, असे एक सुटसुटीत विधान पाश्चात्य संगीताच्या चर्चेत पुष्कळदा ऐकू येते. त्यात तथ्याचा अंश आहे, नाही असे नाही. परंतु शोनबर्गच्या कृतींचा कालक्रम ह्या विधानाच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि संगीतकाराच्या बाबतीत त्याच्या कृतींची साक्ष ही सहीशिक्क्याच्या कागदापेक्षा अधिक विश्वसनीय मानली पाहिजे.

शोनबर्गचा जन्म 13 सप्टेंबर 1874 रोजी व्हिएन्ना येथे, लेओपोल्डश्टाट ह्या यहुदी वस्तीच्या भागात झाला. वडील जोड्यांचे व्यापारी आणि विचाराने बंधमुक्त. आई प्रागची, तिच्या कुळात सिनेगॉगमधील गायक होऊन गेलेले. 25 मार्च 1898 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट त्या काळच्या व्हिएन्नात नवलाची नव्हती. आदल्याच वर्षी फेब्रुवारीत गुस्टाव माहलर कॅथलिक झाला होता आणि काही आठवड्यांतच त्याची व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात नेमणूक झाली होती. यहुदी मनुष्यास ते पद मिळणे दुरापास्त असल्यामुळे माहलरच्या धर्मांतराचा व्यावहारिक हिशेब उघड आहे. शोनबर्गचा हिशेब मात्र जुळत नाही. त्याने पंथ स्वीकारला तो ल्यूथरचा. सम्राटापासून सामान्य दुकानदारापर्यंत सारे शहर कॅथलिक असताना प्रॉटेस्टंट होणे म्हणजे एका अल्पसंख्य समाजातून निघून दुसऱ्या अल्पसंख्य समाजात जाणे होय. त्यातून त्यास ना पद मिळाले, ना आश्रयदाता. ल्यूथरचे जर्मन बायबल आणि बाखचे संगीत ह्यांचा जो वारसा, त्याच्या घरात रीतसर प्रवेश मिळावा एवढीच त्याची आकांक्षा असावी, असे मानण्यास जागा आहे. पुढची वीस वर्षे तो स्वतःला जर्मन संगीतपरंपरेचा वारस समजत आला, आणि त्यात ढोंगाचा लवलेश नव्हता.

तथापि धर्माचा प्रश्न मनातून गेलेला नव्हता. 1912 साली कवी रिचर्ड डेमेल ह्यास लिहिलेल्या एका पत्रात त्याने एका नव्या भक्तिपर रचनेची कल्पना मांडली आहे: जडवाद, समाजवाद, अराज्यवाद ह्यांतून गेलेला, नास्तिक झालेला, तरी जुन्या श्रद्धेचा काही अवशेष बाळगून असलेला आजचा मनुष्य ईश्वराशी झगडतो आणि अखेर प्रार्थना करावयास शिकतो. डेमेलकडून ते काव्य मिळाले नाही, तेव्हा शोनबर्गने स्वतःच ‘याकोबाची शिडी’ ह्या नावाने संहिता लिहिली. 1917 मध्ये त्याने संगीतरचनेस हात घातला. परंतु त्याच वर्षी सैन्यात बोलावणे आले आणि ती जी खंडित झाली ती कायमची. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या मोठ्या धर्मविषयक रचनांपैकी ही पहिली.

मग 1921 चा उन्हाळा आला. साल्त्सबुर्गजवळील माट्झे ह्या सरोवराकाठच्या गावी शोनबर्ग कुटुंबासह राहावयास गेला होता. यहुदी पाहुणे आम्हांस नकोत, असे गावकऱ्यांनी जाहीर केले होते. आपण यहुदी नाही हे बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून सिद्ध करावे, अशी सूचना शोनबर्गला झाली. दाखला त्याच्यापाशी होता. तो न दाखवता त्याने सामान बांधले आणि ट्राऊनकिर्खेन गाठले. 23 वर्षांपूर्वी ज्या कागदासाठी वडिलांचा धर्म सोडला, तो कागद उपयोगी पडण्याचा प्रसंग आला तेव्हा तो वापरण्याची त्यास लाज वाटली. त्याच्या परतीचा आरंभ शोधावयाचा झाला तर तो पॅरिसपेक्षा ह्या सरोवराकाठी शोधणे अधिक योग्य ठरेल.

विचित्र योग असा, की साधारण ह्याच सुमारास, जर्मन संगीताचे श्रेष्ठत्व पुढील शंभर वर्षे अबाधित राहील असा आपणांस शोध लागला आहे, असे त्याने आपल्या एका शिष्यास सांगितले. तो शोध म्हणजे बारा स्वरांची पद्धती. भारतीय वाचकास ती थोड्यात सांगावयाची तर असे म्हणता येईल: सप्तकातील बाराही स्वर समान मानावयाचे, त्यांचा एक क्रम आधी निश्चित करावयाचा, आणि सारी रचना त्या क्रमातून व त्याच्या उलटसुलट रूपांतून उभी करावयाची. ह्यात षड्ज नाही. ज्याच्याकडे परत यावयाचे असा कोणताही आधारस्वर नाही. आहे तो केवळ नियम, आणि तो कानाला थेट दिसत नाही. आपल्याकडील श्रोत्यास तंबोऱ्याशिवाय गाणे जितके निराधार वाटेल, तितकेच हे संगीत त्या काळच्या व्हिएन्नाच्या श्रोत्यास वाटले. ज्यास गावातून हाकलले त्यानेच हाकलणाऱ्यांच्या संस्कृतीला शतकभराची हमी द्यावी, ह्यातील उपरोध शोनबर्गच्या ध्यानात यावयास फार काळ लागला नाही. 1923 च्या वसंतात चित्रकार कांडिन्स्कीने त्यास वायमार येथे बाऊहाऊसकडे बोलावले असता, तेथील मंडळींच्या यहुदीद्वेषाच्या वार्ता कानी आल्यामुळे, शोनबर्गने जी दोन पत्रे पाठविली ती आधुनिक कलेतिहासातील अत्यंत कडवट पत्रे आहेत. आपण जर्मन नाही, युरोपीय नाही, यहुदी आहोत, हा धडा आपणांस गेल्या वर्षात शिकविण्यात आला आणि तो आपण विसरणार नाही, असा त्यांचा आशय आहे. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा अजून दहा वर्षे होती.

बाहेरून पाहता हाच त्याच्या उत्कर्षाचा काळ होय. 1925 मध्ये बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीत, बुझोनीच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या प्राध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. वर्षातील सहा महिने अध्यापन, उरलेला वेळ रचनेसाठी मोकळा; इतके स्वास्थ्य त्यास पूर्वी कधी लाभले नव्हते आणि पुढेही लाभावयाचे नव्हते. ह्या स्वास्थ्यात त्याने लिहिले काय, हे पाहण्यासारखे आहे. 1926–27 मध्ये ‘बायबलचा मार्ग’ हे गद्य नाटक, ज्याचा नायक विखुरलेल्या यहुद्यांसाठी नवी भूमी उभारू पाहतो आणि अपयशी होतो. आणि 1930 ते 1932 ह्या काळात ‘मोझेस उंड आरोन’ हा ऑपेरा.

शोनबर्गला तेरा ह्या आकड्याचे अतोनात भय होते. ‘आरोन’ हे नाव नेहमीप्रमाणे दोन ‘ए’ घालून लिहिले असता शीर्षकाची अक्षरे तेरा होतात, म्हणून त्याने एक गाळले असे म्हणतात. नियमाच्या उपासकाने शकुनास इतके मानावे ही एक गंमतच. पण मूळ कृतीत गमतीला वाव नाही. मोशेला जळत्या झुडपातून ईश्वराचा शब्द ऐकू येतो. हा ईश्वर अदृश्य आहे, अकल्पनीय आहे, त्याची प्रतिमा करणे हेच पाप आहे. मोशेपाशी विचार आहे, वाणी नाही. त्याचा भाऊ अहरोन ह्याच्यापाशी वाणी आहे, आणि लोकांना काही दाखविल्याखेरीज विचार पोचत नाही हे व्यवहारज्ञानही आहे. शोनबर्गने हे द्वंद्व संगीताच्या अंगातच घातले. अहरोन गातो, त्यास उंच, लवचीक, मोहक आवाज दिला आहे. मोशे मात्र जवळजवळ सर्वत्र स्वर आणि बोलणे ह्यांच्या सीमेवर चाचपडत उच्चारतो. मोशे डोंगरावर असताना लोक अधीर होतात, अहरोन त्यांना सोन्याचे वासरू देतो, आणि त्या वासराभोवतीचा नाच हे सबंध कृतीतील सर्वांत रंगतदार संगीत आहे. परत आलेला मोशे वासरू नष्ट करतो. अहरोन त्यास विचारतो, तुझ्या हातातील आज्ञांच्या पाट्या ही तरी प्रतिमाच नव्हे काय? मोशे त्याही फोडतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो एकटा उरतो आणि आपल्याजवळ शब्द नाही म्हणून कोसळतो.

हा अंक 10 मार्च 1932 रोजी बार्सिलोना येथे पुरा झाला. तिसऱ्या अंकाची संहिता शोनबर्गने लिहिली. तीत मोशे विजयी होतो आणि अहरोन मरून पडतो. त्या संहितेला संगीत त्याने एकोणीस वर्षांत दिले नाही.

1 मार्च 1933 रोजी अकादमीच्या सभेत, संस्थेतील यहुदी वर्चस्व मोडून काढावयाचे आहे, अशी घोषणा अध्यक्ष माक्स फोन शिलिंग्स ह्याने केली. शोनबर्ग उठून गेला, त्याच महिन्यात त्याने राजीनामा पाठविला आणि मे महिन्यात बर्लिन सोडले. ऑगस्टमध्ये त्याने शिष्य वेबर्न ह्यास कळविले, की कला बाजूस ठेवून आपण यापुढे केवळ यहुद्यांच्या राष्ट्रीय कार्यास वाहून घेणार आहोत. हे क्षणिक आवेशाचे बोलणे नव्हते. एकसंध यहुदी पक्ष, एक नेता, एक शिस्त अशा योजना तो पुढे अनेक वर्षे लिहीत राहिला. त्या आज वाचताना अवघडल्यासारखे होते. जुलमी राजवटीने ज्यास हाकलले त्याच्याच लेखणीतून हुकमी सत्तेची भाषा यावी हे क्लेशकारक आहे. पण यहुद्यांवर काय ओढवणार ह्याविषयीचे त्याचे भाकीत बहुतेक मुत्सद्द्यांपेक्षा खरे ठरले, हेही नाकारता येत नाही. ऑक्टोबरात आल्बान बेर्ग ह्यास लिहिताना, आपले परतणे पॅरिसमध्ये झाले नसून फार पूर्वीच झाले आहे, असे त्याने स्वतःच आपल्या कृतींचा दाखला देऊन बजावले आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस तो अमेरिकेत पोचला. पहिले वर्ष बोस्टनच्या एका लहानशा संगीतशाळेत गेले. 1934 मध्ये तो लॉस एंजलिस येथे गेला आणि 1936 पासून तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागला. 1944 मध्ये सत्तराव्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा नोकरी अवघी आठ वर्षांची भरली, आणि निवृत्तिवेतन महिना 40 डॉलरांहूनही कमी बसले. घरात लहान मुले होती, तेव्हा शिकवण्या करणे भाग पडले. 1945 मध्ये ‘याकोबाची शिडी’ व ‘मोझेस उंड आरोन’ पुऱ्या करण्यासाठी त्याने गुगेनहाइम प्रतिष्ठानाकडे वृत्ती मागितली. ती नाकारण्यात आली. यहुदी समाजानेही त्यास आपला संगीतकार म्हणून उचलून धरले असे झाले नाही. 1938 मध्ये रब्बी झोंडरलिंग ह्यांच्या विनंतीवरून त्याने प्रायश्चित्तदिनाच्या पूर्वसंध्येची ‘कोल निद्रे’ ही विधिवाणी संगीतबद्ध केली. ज्या जुन्या चालीने पिढ्यान्‌पिढ्या डोळे पाणावत आले तिच्यातील हळवेपणा त्याने काढून टाकला आणि शब्दांतही फेरफार केला. छळापायी परधर्म स्वीकारावा लागलेल्यांनी केलेल्या शपथा रद्द करणारा हा मंत्र आहे, असा त्याचा अर्थ त्याने लावला होता. हा अर्थ त्यास का रुचला, हे सांगावयास नको. सिनेगॉगच्या नित्य विधीत मात्र ह्या रचनेस स्थान मिळाले नाही.

ऑगस्ट 1947 मध्ये, दृष्टी जवळजवळ गेली असताना, त्याने काही दिवसांत ‘वॉर्सातून वाचलेला’ ही रचना लिहिली. ती सहासात मिनिटांत संपते. निवेदक इंग्रजीत बोलतो, सैनिकी हुकूम जर्मनमध्ये ओरडले जातात. यहुद्यांना मोजणी करीत मृत्यूकडे नेले जात असते, मोजणीचा वेग वाढत जातो, आणि एकाएकी सारे पुरुष इब्री भाषेत ‘शेमा इस्राएल’ गाऊ लागतात. कित्येक वर्षे विसरलेली प्रार्थना, असेच निवेदक तिचे वर्णन करतो. ह्या प्रार्थनेविषयीची एक हकीकत महाराष्ट्रास परिचित आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजास इब्री भाषेचा आणि बहुतेक धर्मविधींचा विसर पडला असता हीच एक प्रार्थना मुखी राहिली होती, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी तेवढीच म्हटली जाई. पुस्तक नाही, रब्बी नाही, अशा स्थितीत एक समाज एका वाक्यावर तगून राहतो, ही गोष्ट ज्यांस ठाऊक आहे त्यांना शोनबर्गची ही समाप्ती समजावून द्यावी लागत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी अल्बुकर्की येथील हौशी वादकांनी तिचा पहिला प्रयोग केला तेव्हा श्रोते प्रथम स्तब्ध राहिले, म्हणून ती तेथल्या तेथे पुन्हा सादर करण्यात आली.

ही रचना पूर्ण झाली. मोठ्या दोन झाल्या नाहीत. सवड नव्हती, पैसा नव्हता, प्रकृती नव्हती, ही कारणे खरी आहेत, परंतु पुरेशी नाहीत. ह्याच वर्षांत त्याने पियानो व व्हायोलिन ह्यांचे कॉन्सेर्टो, चौथे चतुष्टय, तंतुत्रय अशा अवघड कृती तडीस नेल्या. आडोर्नो ह्याने 1963 च्या आपल्या निबंधात असे मांडले आहे, की श्रद्धा समाजाच्या जीवनातून उठून गेल्यावर एका व्यक्तीने केवळ इच्छेच्या बळावर पवित्र कृती निर्माण करणे अशक्य आहे. अपुरेपणा हीच ‘मोझेस उंड आरोन’ची सच्चाई. हे मत भेदक असले तरी त्यात शोनबर्गच्या श्रद्धेवर अन्याय होतो. अडचण श्रद्धा नसण्याची नव्हती. प्रतिमा करू नको, ही आज्ञा त्याने संगीतकार म्हणून अक्षरशः घेतली, आणि संगीतकाराजवळ प्रतिमेवाचून दुसरे साधन नसते. तिसऱ्या अंकात मोशेला जिंकवावयाचे, तर ज्या अहरोनाचा पराभव व्हावयाचा त्याच्याच गायनकलेने ते करावे लागले असते. अखेरच्या दिवसांत, हा अंक संगीताशिवाय नुसता बोलून दाखविला तरी चालेल, अशी मुभा शोनबर्गने दिली, ती ह्या संदर्भात पाहिली पाहिजे.

1950 मध्ये त्याने 130 वे स्तोत्र मूळ इब्रीत रचले. एप्रिल 1951 मध्ये जेरुसलेमच्या संगीत अकादमीने त्यास सन्माननीय अध्यक्ष निवडले, पण तेथे जाण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. ह्या काळात तो स्वतःच आधुनिक स्तोत्रे लिहीत होता. त्यांपैकी पहिल्यास त्याने संगीत देण्यास आरंभ केला. इतके क्षुद्र असूनही आपण ईश्वराला कसे आळवावे, असे विचारीत, तरीही आपण प्रार्थना करतो, ह्या शब्दांपर्यंत ते संगीत येऊन थांबले आहे. 13 जुलै 1951 रोजी शोनबर्ग लॉस एंजलिस येथे मरण पावला. ‘मोझेस उंड आरोन’ रंगभूमीवर प्रथम आला तो 1957 मध्ये झुरिक येथे, दोन अंकांचाच.