राखणदार, गुरखा आणि रेडिओवरचा एक विनोद

३० सप्टेंबर २००७ ला मच्छिंद्र कांबळी गेले. आमच्या मालवणात ती बातमी महिनाभर तरी बोलली गेली असेल. नाक्यावर, जेटीवर, एसटीत, सगळीकडे तोच विषय. त्याच्या दोनच दिवस आधी, २८ सप्टेंबरला, तिकडे पश्चिम बंगालात सिलिगुडीला दंगल झाली. संचारबंदी लावावी लागली, लष्कर बोलवावं लागलं. निमित्त काय, तर दिल्लीतल्या एका एफएम स्टेशनवर आरजेने केलेला विनोद! ही दुसरी बातमी आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हती. मीही ती खूप उशिरा, इंजिनिअरिंगला असताना कुठेतरी वाचली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मला तो आहे असं वाटतं. कसा, ते सांगतो.

आधी सिलिगुडीचं प्रकरण. प्रशांत तामंग हा दार्जिलिंगचा मुलगा. वडील पोलिसात होते, ते वारल्यावर त्यांच्या जागी हा कोलकाता पोलिसात कॉन्स्टेबल म्हणून लागला. पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गायचा. तिथून तो 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात पोचला आणि २३ सप्टेंबर २००७ ला शिलाँगच्या अमित पॉलला मागे टाकून चक्क जिंकला. तो एसेमेस-मतांचा जमाना. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून एसेमेस पाठवले होते. त्यामुळे तो जिंकला तेव्हा एकटा जिंकला नाही, अख्खा डोंगर जिंकला.

आणि मग रेड एफएमवरचा तो विनोद. त्याचा मतितार्थ असा, की आता गुरखेच गाणी म्हणायला लागले तर रात्री आपल्या घरांवर आणि दुकानांवर पहारा कोण देणार? झालं. २८ तारखेला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, रस्ता अडला, स्थानिकांशी बाचाबाची झाली आणि पुढे जे व्हायचं ते झालं. केंद्र सरकारने त्या स्टेशनचं दिल्लीतलं प्रक्षेपण काही दिवस बंद ठेवायला लावलं.

आता कोणीही म्हणेल, एवढ्याशा विनोदाचं एवढं काय? मलाही पहिल्यांदा वाचताना हाच प्रश्न पडला होता. पण जरा मागे जाऊन बघा. दार्जिलिंगचे गोरखे भारताचे नागरिक आहेत, कित्येक पिढ्या इथेच गेल्यात, सैन्यात त्यांच्या नावाच्या रेजिमेंट आहेत. तरी दिल्ली-मुंबईत त्यांना पहिला प्रश्न काय, तर "नेपाळहून कधी आलास?" त्यांची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला १९९२ साल उजाडलं. त्या ७१ व्या घटनादुरुस्तीत तीन भाषा होत्या: नेपाळी, मणिपुरी आणि आपली शेजारीण कोकणी. म्हणजे कोकणी आणि नेपाळी या दोघी घटनेत एकाच दारातून आत आल्यात. (मालवणी ही कोकणी की मराठी, या वादात मी आज शिरत नाही. शिरलो तर हा वीकेंड पुरणार नाही. :-) )

तर अशा लोकांचा एक मुलगा 'इंडियन' आयडॉल होतो, देशभरातून त्याला मतं पडतात, आणि निकालाचा गुलाल खाली बसायच्या आत राजधानीतला माईक त्यांना सांगतो की तुमची जागा गेटवर. खरी ठेच इथे लागली. विनोद प्रशांतवर नव्हताच. तो बेसूर गातो असं कोणी म्हटलं असतं तर फार तर त्याचे चाहते भांडले असते.

या सगळ्याच्या मागे एक राजकारणही होतं, ते सोडून चालणार नाही. प्रशांतसाठी मतं गोळा करण्यात विमल गुरुंग पुढे होते. सुभाष घिसिंग यांचा तेव्हा त्या डोंगरावर दोन दशकांचा अंमल होता, पण या लाटेत ते बाजूला राहिले. ७ ऑक्टोबर २००७ ला, म्हणजे निकालानंतर दोनच आठवड्यांनी, गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. २००८ मध्ये घिसिंग यांना पद सोडावं लागलं. २०११ ला नव्या प्रादेशिक प्रशासनाचा करार झाला. एका आरजेमुळे हे सगळं झालं असं म्हणणं बावळटपणाचं होईल. लाकडं रचलेली होतीच, त्याने फक्त काडी टाकली.

मला खटकतं ते वेगळंच. त्याच वर्षी जानेवारीत आपण काय करत होतो? ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला जेड गुडी आणि तिच्या मैत्रिणी वाट्टेल ते बोलल्या. तिच्या आडनावाच्या जागी 'पापड' लावून झालं, तिच्या उच्चारांची टिंगल झाली. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४,५०० हून जास्त तक्रारी गेल्या. पाटण्यात पुतळे जाळले. नेमके तेव्हाच भारतात आलेले ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना जिथे जातील तिथे याच प्रश्नाची उत्तरं द्यावी लागली. आपल्याकडे मंत्र्यांपासून पानवाल्यापर्यंत सगळे चिडले होते, आणि बरोबरच चिडले होते. पण सप्टेंबरमध्ये तसाच प्रकार आपल्याच रेडिओवर झाला, तर तो 'सिलिगुडीचा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न' झाला.

पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे बघून काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा केल्या. त्याचे फोटो जगभर छापून आले, पोलिसांनी चौघांना धरलं. मग जानेवारी २००८ मध्ये सिडनीला हरभजनचं प्रकरण झालं. ते अनेकांना नीट आठवत असेल, कारण त्यात आपल्या सचिनची साक्ष होती. हरभजनवर आधी तीन कसोटींची बंदी आली होती. अपील न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अ‍ॅडलेडला चाललं. 'मंकी' म्हटल्याचं सिद्ध झालं नाही. आईवरून हिंदीत काहीतरी म्हटलं असावं, असा बचाव मान्य झाला, बंदी उठली आणि मॅच फीच्या अर्ध्या रकमेवर भागलं. तेव्हा बरेच गोरे पत्रकार चक्रावले होते. आईवरची शिवी हलकी आणि माकड भारी, हा कुठला हिशेब?

हा हिशेब मालवणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे शिवी म्हणजे गाळ, आणि गाळ घालणं हा बोलण्याचाच भाग आहे. "काय रे मेल्या, खंय होतस इतके दिवस?" ही झाली सोवळी आवृत्ती. खऱ्या आवृत्त्या इथे टाइप करणार नाही, आई हा ब्लॉग वाचते. पण त्या गाळीचा एक नियम असतो: ती परत घालता येते. आई तुलाही आहे, आई मलाही आहे. तू घाल, मी घालतो, मग दोघे मिळून चहा पिऊ. माकड, पापड, चौकीदार यांचं तसं नाही. सायमंड्सने उलट काय म्हणायचं? गोरख्याने त्या दिल्लीवाल्याला कोणता धंदा चिकटवायचा? आणि समजा म्हणायचं ठरवलंच, तर कुठे म्हणायचं? माईक तर त्याच्याकडे! नाक्यावरची गाळ दोघांत राहते. रेडिओवरची एकाच वेळी टॅक्सीत, दुकानात, हॉस्टेलच्या खोलीत पोचते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी एखादा गोरखा पोरगा बसलेला असला तर बाकीचे हसताना त्याच्याकडे बघतात. त्याने काय करावं? हसावं की उठून जावं?

आता येतो कांबळींकडे. मराठी नाटक-सिनेमात वर्षानुवर्षं मालवणी बोलणारा म्हणजे घरगडी. खांद्यावर फडका, तोंडात 'व्हय-व्हय', आणि मालकाचं बोलणं उलटं समजून हशा मिळवणारा. मुंबईत कोकणातली माणसं गिरणीत होती, शाळेत शिकवत होती, कचेरीत कारकुनी करत होती, पण स्टेजवर मात्र केर काढत होती. कुणी दंगल केली नाही, हे खरं. बहुतेकांनी काय केलं, तर पोरांना घरी सांगितलं, "बाहेर शुद्ध बोल." मालवणी मांगरात आणि माजघरात राहिली. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. मुळात कथानक ते काय, तर गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्याचा बट्ट्याबोळ करतात. पण अख्खं नाटक मालवणीत, गाळींसकट! कांबळी तात्या सरपंच झाले. लोक खुर्चीवरून पडेस्तोवर हसले, मालवणी तर सगळ्यात जास्त हसले, आणि हजारो प्रयोग झाले. विनोद कमी झोंबरा नव्हता, उलट जास्तच होता. फरक एवढाच की या वेळी माईक आमच्याकडे होता, आणि स्टेजवर सरपंच, मास्तर, नट, प्रॉम्प्टर सगळेच मालवणी होते. एक मूर्ख निघाला तर दुसरा शहाणा दाखवायला जागा होती. एकट्या घरगड्यावर सगळ्या जिल्ह्याचं ओझं नव्हतं.

हे सगळं जाणणारी आम्ही माणसं. आणि आज आमच्या किनाऱ्यावर बघाल तर देवगडच्या कलमांच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळी पोरं आहेत. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की खलाशी लागतात, पावसानंतर बागेचे लोक येतात, आंबा संपला की जातात. रात्रभर बॅटरी घेऊन बागेत फिरायचं, वांदर हाकायचे, चोरावर नजर ठेवायची, फवारणीला हात लावायचा. खरं तर राखण या शब्दाला आमच्याकडे केवढा मान! गावाचा राखणदार म्हणजे देव. रात्री शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो अशी श्रद्धा. त्याला वर्षाचा मान दिल्याशिवाय कुणी शेतात पाऊल टाकत नाही. त्याच गावात हाडामांसाच्या राखणदाराला हाक मारतात ती "ए गुरखा" किंवा "ए बहादूर". त्या दिल्लीच्या विनोदाला इथे वेगळं प्रक्षेपण लागतच नाही.

गेल्या मे महिन्यात देवगडला मामाकडे गेलो होतो. बागेच्या हिशेबाची वही एक्सेलमध्ये घालून दे म्हणाला. झाडांना नंबर आहेत, पेट्यांना नंबर आहेत, वाशीच्या दलालांची नावं आडनावासकट आहेत. मजुरीच्या पानावर लिहिलं होतं: बहादूर १, बहादूर २, बहादूरची बायको. मी मामाला म्हटलं, या कॉलमात नावं लागतील. तो म्हणाला, "नाव काय असता रे तेंचा?" मग स्वतःच उठून, मांगराच्या दारात जाऊन विचारून आला.