लहान बेटांवरील आपत्कालीन प्रतिसाद नियंत्रण

लहान बेटांवरील आपत्कालीन प्रतिसाद नियंत्रण ही विरळ वस्तीच्या बेटांवरून येणारे मदतीचे दूरध्वनी स्वीकारून त्यांवर कार्यवाही करणारी व्यवस्था आहे. घटनेचे ठिकाण व गांभीर्य निश्चित करणे आणि रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस, बचावनौका किंवा हेलिकॉप्टर यांपैकी योग्य साधन रवाना करणे हे तिचे मुख्य काम होय. मुख्य भूमीवर एखादे पथक कमी पडल्यास शेजारच्या गावातून दुसरे बोलावता येते. बेटावर ही मदत समुद्र ओलांडूनच यावी लागते व ती हवामान, भरती-ओहोटी आणि दिवसाचा प्रहर यांवर अवलंबून असते. त्यामुळे अशा व्यवस्थेच्या नियोजनात कॉलच्या संख्येपेक्षा संपर्काची खात्री, ठिकाणाची अचूक ओळख आणि बेटावरच उपलब्ध असलेले मनुष्यबळ यांना अधिक महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

आपत्कालीन मदतीसाठी एकच सोपा क्रमांक असावा ही कल्पना शहरांत रुजली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथे लागलेल्या आगीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. त्या वेळी अग्निशमन दलाला कळवू पाहणाऱ्या शेजाऱ्याचा दूरध्वनी प्रतीक्षेत अडकून पडला होता. या घटनेनंतर ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावातून करण्यात आला. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक स्वीकारला.

समुद्रातील संकटांसाठी मात्र बिनतारी संदेशांची वेगळी परंपरा आहे. अतिउच्च कंप्रतेच्या सागरी पट्ट्यातील १६ क्रमांकाची वाहिनी (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकटकालीन संभाषणासाठी राखीव आहे. जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णतः अमलात आली. बेटांवर दूरध्वनी आणि सागरी बिनतारी या दोन्ही व्यवस्था एकत्र येतात. त्यामुळे एकाच अपघाताची बातमी दोन वेगवेगळ्या केंद्रांकडे पोहोचण्याची शक्यता असते आणि त्या केंद्रांमधील समन्वय आधीच ठरवून ठेवावा लागतो.

मागणी आणि मनुष्यबळ

दूरध्वनी केंद्रासाठी किती कर्मचारी लागतील याचे गणित डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संशोधनावर आधारलेले आहे. ठरावीक काळात येणारे कॉल आणि प्रत्येक कॉलला लागणारा वेळ यांवरून एखाद्या कॉलला थांबावे लागण्याची शक्यता त्यातून काढता येते. अमेरिकेतील राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक संघटनेच्या मानकानुसार ९० टक्के कॉल १५ सेकंदांच्या आत घेतले जाणे अपेक्षित आहे.

लहान बेटावर या गणिताची मर्यादा लवकर दिसून येते. समजा, एखाद्या बेटावरून दिवसाला सरासरी एक कॉल येतो व प्रत्येक कॉलसाठी पाच मिनिटे लागतात. असे असल्यास वर्षभरातील प्रत्यक्ष काम सुमारे ३० तासांचे होते. तरीही कॉल घेणारी व्यक्ती वर्षाचे सर्व ८,७६० तास उपलब्ध असावीच लागते. आठवड्याला ४० तास काम करणारा कर्मचारी रजा, सुट्या व प्रशिक्षण वगळता वर्षाला साधारणतः १,७०० तास कामावर असतो. म्हणजे एक खुर्ची अखंड भरलेली ठेवण्यासाठी पाचांहून अधिक कर्मचारी लागतात आणि दोन खुर्च्यांसाठी दहाहून अधिक. हा खर्च कॉलच्या संख्येवर अवलंबून नसल्यामुळे वस्ती जितकी लहान, तितका दरडोई भार वाढतो.

याखेरीज आणखी दोन अडचणी संभवतात. एरलांग यांच्या सूत्रात प्रत्येक कॉल इतर कॉलपासून स्वतंत्र असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वादळ, आग किंवा नौका-अपघात यांच्या वेळी अनेक जण एकदम दूरध्वनी करतात व एकट्या नियंत्रकावर भार पडतो. दुसरी अडचण सरावाची आहे. मोठ्या केंद्रातील नियंत्रक हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाविषयीचे कॉल वारंवार हाताळतो. बेटावरील नियंत्रकावर तशी वेळ काही वर्षांतून एखाद्या वेळीच येऊ शकते. दूरध्वनीवरून छाती दाबण्याच्या सूचना देण्यासारखे कौशल्य सरावाविना टिकत नाही.

नियंत्रण कक्षाची प्रारूपे

स्थानिक कक्ष

काही हजारांपेक्षा मोठी लोकसंख्या आणि स्वतंत्र प्रशासन असलेल्या बेटांना स्वतःचा कक्ष परवडू शकतो. इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका व तटरक्षण या सेवांचे कॉल एकाच संयुक्त कक्षात हाताळले जातात. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन येथेही संयुक्त नियंत्रण कक्ष आहे. सेवा एकत्र केल्याने कर्मचाऱ्यांची किमान संख्या विभागली जाते आणि एकाच घटनेची नोंद निरनिराळ्या ठिकाणी करावी लागत नाही.

मुख्य भूमीवरील कक्ष

स्कॉटलंडच्या बहुतेक बेटांसाठी हे प्रारूप वापरले जाते. तेथे ९९९ वर आलेला कॉल प्रथम दूरध्वनी कंपनीचा कर्मचारी घेतो आणि कोणती सेवा हवी हे विचारून तो पुढे जोडून देतो. स्कॉटिश रुग्णवाहिका सेवेची नियंत्रण केंद्रे मुख्य भूमीवर आहेत. या प्रारूपात प्रशिक्षित नियंत्रक, दुभाषे व अद्ययावत संगणकप्रणाली यांचा लाभ लहान बेटालाही मिळतो. मात्र बेट व केंद्र यांमधील दुवा तुटल्यास संपूर्ण सेवा खंडित होते आणि नियंत्रकाला बेटाचा परिचय नसतो.

मिश्र प्रारूप

यात कॉल दूरच्या केंद्रात घेतला जातो, पण बेटावरील एक व्यक्ती पाळीनुसार स्थानिक समन्वयक म्हणून नेमलेली असते. परिचारिका, बंदर अधिकारी किंवा अग्निशमन पथकाचा प्रमुख यांपैकी कोणीही हे काम करू शकते. संपर्क तुटल्यास समन्वयक स्वतःच पथके बाहेर काढतो. ही व्यक्ती प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीची असल्याने गोपनीयतेचे नियम लेखी स्वरूपात ठरवावे लागतात. विशेषतः घरगुती हिंसा किंवा मानसिक आजार यांविषयीचे कॉल थेट ओळखीच्या माणसाकडे जाणार असतील, तर पीडित व्यक्ती कॉल करण्याचेच टाळण्याची भीती असते.

ठिकाणाची निश्चिती

ग्रामीण बेटांवर घरांना क्रमांक आणि रस्त्यांना नावे बहुधा नसतात. रहिवासी घराच्या, खडकाच्या किंवा जुन्या मालकाच्या नावाने ठिकाण सांगतात. एकच नाव अनेक ठिकाणी आढळणे हाही नित्याचा अनुभव आहे. संयोगभूमी या अर्थाच्या गेलिक शब्दावरून आलेले टार्बर्ट हे नाव स्कॉटलंडमधील हॅरिस बेटावर, जुरा बेटावर आणि किंटायर द्वीपकल्पाच्या मुखाशीही आढळते. दूरच्या नियंत्रकाने बेटाचे नाव विचारून खात्री न केल्यास हेलिकॉप्टर भलत्याच ठिकाणी जाऊ शकते.

ब्रिटनच्या शासनाने डिसेंबर २०१० मध्ये तटरक्षक दलाची समन्वय केंद्रे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. त्या वेळी किनाऱ्यावरील व बेटांवरील रहिवाशांचा मुख्य आक्षेप स्थानिक ज्ञान नष्ट होण्याविषयी होता. अंतिम निर्णयात क्लाइड येथील केंद्र डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाले. स्टॉर्नोवे व शेटलंड ही दोन्ही बेटांवरील केंद्रे मात्र कायम राहिली.

अडचण कमी करण्यासाठी प्रत्येक घराला क्रमांक देणे, धक्के व हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागा यांचे अक्षांश-रेखांश नोंदवणे आणि बोलीतील स्थळनावांची सूची तयार करणे हे उपाय योजले जातात. मोबाइलचे स्थान आपोआप कळवणारे तंत्र ब्रिटनमध्ये २०१४ पासून वापरात आले. तथापि बेटावरील मोबाइल पाण्यापलीकडच्या दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा देशातील मनोऱ्याला जोडला गेल्यास कॉल चुकीच्या केंद्राकडे जाऊ शकतो. त्यामुळे असे कॉल पुढे जोडून देण्याची पद्धत शेजारच्या केंद्रांशी आधीच निश्चित करावी लागते.

बेटावरील पथके आणि वाहतूक

हृदयक्रिया बंद पडल्यावर छाती दाबणे किंवा विजेचा झटका देणे यांपैकी काहीच न झाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. बाहेरून येणारी कोणतीही मदत इतक्या लवकर पोहोचू शकत नाही. म्हणून पहिला प्रतिसाद बेटावरील प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून येईल असे गृहीत धरूनच योजना आखली जाते. प्रत्येक वस्तीत डिफिब्रिलेटर ठेवून त्याची नोंद नियंत्रकाच्या नकाशावर केली जाते. स्वयंसेवकांना बोलावण्यासाठी पेजर, मोबाइल संदेश व भोंगा यांपैकी किमान दोन साधने वापरली जातात.

नियंत्रकाने स्थानिक पथक व बाहेरील साधन एकाच वेळी सूचित करणे हे बेटांवरील कार्यपद्धतीचे महत्त्वाचे तत्त्व आहे. स्थानिक पथकाचा अहवाल येईपर्यंत थांबल्यास नौकेची वेळ किंवा हवामानाची संधी हातची जाऊ शकते. हेलिकॉप्टर निघाल्यावर परत बोलावता येते, परंतु गेलेला वेळ भरून काढता येत नाही. गर्न्झीहून चालणारी ‘फ्लाइंग क्रिस्टीन’ ही रुग्णवाहिका-नौका सार्क व हर्म या बेटांना सेवा देते. मोटारींना बंदी असलेल्या सार्क बेटावर रुग्णाला धक्क्यापर्यंत ट्रॅक्टरने ओढल्या जाणाऱ्या रुग्णवाहिकेतून नेले जाते. प्रवासाच्या एकूण वेळेत असे सर्व टप्पे मोजावे लागतात.

ऑर्कनी व शेटलंड यांच्या मध्ये असलेल्या फेअर आइल या बेटावरील प्रसिद्ध पक्षी-निरीक्षण केंद्र १० मार्च २०१९ रोजी आगीत नष्ट झाले. बेटावरील छोट्या पथकाच्या मदतीसाठी शेटलंडहून अग्निशमन कर्मचारी पाठवण्यात आले. कोणालाही इजा झाली नाही, परंतु इमारत वाचवता आली नाही. अतिरिक्त मदत येईपर्यंत बेटाला स्वतःच्या बळावर किती वेळ तग धरावा लागतो हे या घटनेतून दिसून आले.

मनुष्यबळाचा आणखी एक प्रश्न थकव्याचा असतो. एकच व्यक्ती अग्निशमन, तटरक्षण व रुग्णसेवा अशा तिन्ही यादींत असल्यास कागदावर तीन माणसे दिसतात, पण प्रत्यक्षात एकच उपलब्ध असते. म्हणून पथकांची यादी पदांनुसार न करता व्यक्तींनुसार तपासली जाते.

संपर्कखंड आणि पर्यायी व्यवस्था

बहुतेक बेटांचे दूरध्वनी, इंटरनेट व मोबाइल हे तिन्ही एकाच समुद्राखालील केबलवर अवलंबून असतात. त्यामुळे तीन वेगवेगळ्या साधनांची उपलब्धता ही अनेकदा केवळ भासमान असते.

* सान हुआन बेटे, वॉशिंग्टन राज्य : नोव्हेंबर २०१३ मध्ये समुद्राखालील केबल तुटल्याने या बेटांवरील दूरध्वनी व इंटरनेट सेवा सुमारे दहा दिवस विस्कळीत झाली. ९११ सेवेलाही त्याचा फटका बसला.
* टोंगा : १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीच्या उद्रेकात केबल तुटली. मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले.
* शेटलंड : २० ऑक्टोबर २०२२ रोजी केबल तुटल्याने दूरध्वनी, मोबाइल व इंटरनेट बंद पडले. पोलिसांनी गंभीर घटना जाहीर करून गस्त वाढवली. दूरध्वनी लागत नसल्यास रस्त्यावरील आपत्कालीन वाहन थांबवून मदत मागावी, अशी सूचना रहिवाशांना देण्यात आली.

वीजपुरवठा हा दुसरा कच्चा दुवा आहे. तांब्याच्या तारेवरील जुन्या दूरध्वनीला केंद्रातील बॅटऱ्यांमधून वीज मिळत असे, त्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालू राही. इंटरनेटवर आधारित दूरध्वनी घरातील विजेवर चालतो. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने यासाठी किमान एक तासाच्या पर्यायी विजेची अपेक्षा ठेवली आहे. वादळात अनेक दिवस वीज नसलेल्या बेटावर ही मुदत अपुरी ठरते.

पर्याय म्हणून दुसऱ्या मार्गाने टाकलेली केबल, सूक्ष्मलहरी दुवा, उपग्रह दूरध्वनी, सागरी बिनतारी संच आणि हौशी बिनतारी प्रसारकांचे सहकार्य यांचा अवलंब केला जातो. सर्व साधने बंद पडल्यास रहिवाशांनी कोणत्या ठिकाणी जमावे व निरोप कोणी न्यावा हेही योजनेत नमूद असते.

भारतातील स्थिती

भारतात ११२ या एकीकृत क्रमांकाची सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाली व पुढे ती इतर राज्यांत विस्तारली. समुद्रातील शोध व बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. तेथील गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. चेन्नई ते अंदमान-निकोबार ही केबल १० ऑगस्ट २०२० रोजी, तर कोची ते लक्षद्वीप ही केबल ३ जानेवारी २०२४ रोजी कार्यान्वित झाली. त्यापूर्वी लक्षद्वीप मुख्यत्वे उपग्रहाद्वारे जोडलेले होते.

महाराष्ट्रात मुंबई बंदराजवळील घारापुरी बेटावर शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तीन गावे आहेत. बेटाला समुद्राखालील केबलद्वारे वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये मिळाली. बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात असले, तरी पर्यटकांची मोठी वर्दळ मुंबईच्या गेटवे ऑफ इंडिया येथून होते. त्यामुळे एकाच जलमार्गाशी अनेक यंत्रणांचा संबंध येतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली, तेव्हा नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि परिसरातील नौका यांनी बचावकार्यात भाग घेतला. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर जाण्यासाठी फेरीबोटीचा वापर होतो. तेथे अंतर कमी असले, तरी रात्रीच्या वेळी फेरीबोटीची उपलब्धता हाच प्रतिसादाचा निर्णायक घटक ठरतो.

चाचणी व मूल्यमापन

बेटांवरील सेवेचे मूल्यमापन केवळ सरासरी प्रतिसादकाळावरून करणे दिशाभूल करणारे ठरते, कारण घटनांची संख्या अत्यल्प असते आणि एका वादळी रात्रीने सरासरी बदलून जाते. त्याऐवजी प्रत्येक घटनेचा स्वतंत्र आढावा घेतला जातो. त्यात कॉल कोणत्या केंद्राकडे गेला, ठिकाण कळण्यास किती वेळ लागला, बाहेरील साधन केव्हा सूचित झाले व पहिला प्रशिक्षित माणूस रुग्णाजवळ केव्हा पोहोचला हे तपासले जाते. वर्षातून किमान एकदा केबल जाणीवपूर्वक बंद असल्याचे गृहीत धरून सराव घेणे उपयुक्त मानले जाते. अशा सरावात डिस्चार्ज झालेल्या बॅटऱ्या, बदललेले दूरध्वनी क्रमांक आणि बेट सोडून गेलेल्या स्वयंसेवकांची यादीत राहिलेली नावे आढळून येतात.

हे सुद्धा पहा

* आपत्ती व्यवस्थापन
* भारतीय तटरक्षक दल
* लक्षद्वीप
* घारापुरी
* रुग्णवाहिका