दरड कोसळल्यानंतर मनाला आधार कसा द्यायचा?

कामशेत ही नाणे मावळातल्या गावांची बाजारपेठ. डोंगराकडच्या एखाद्या वाडीवर संकट आलं, की अशा गावांतली तरुण मंडळी धान्य, चादरी घेऊन धावतात. पण धक्का बसलेल्या मनाचं काय?

हा प्रश्न इथे का?
१९८९ च्या जुलैत मावळातल्या भाजे गावावर दरड कोसळली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, १५१ जण दगावले. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते.

देहच सापडला नाही तर?
घरच्यांना निरोप घेता येत नाही, आशाही सुटत नाही. अशा वेळी दिवसकार्य किंवा समाजाच्या रीतीप्रमाणे विधी होऊ देणं हाही मानसिक आधारच. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांनी २००७ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही स्थानिक रीतींना जागा द्यायला सांगतात.

बोलायचं कसं?
‘तुम्हाला डिप्रेशन आलंय का?’ असं विचारलं, तर माणूस गप्प होतो. ‘झोप लागते का? जेवण जातं का?’ विचारलं, तर बोलतो. मनाचं दुखणं बरेचदा अंगाचं म्हणून सांगितलं जातं: छातीत धडधड, डोकं जड, हातपाय गळाल्यासारखे.

काय करावं, काय टाळावं?
जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या.

- वाडीतली जाणती माणसं आणि आशाताई यांना सोबत घ्या.
- एका वाडीतली कुटुंबं शक्यतो शेजारीशेजारी राहू द्या.
- ‘त्या रात्री काय झालं?’ असं खोदून विचारू नका.
- ‘विसरून जा’ म्हणू नका.
- रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ काढू नका, फॉरवर्डही करू नका.

डॉक्टरांकडे कधी?
बरेच जण आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही झोप नसेल, दारू वाढली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. जगणं नको वाटतं असं कुणी म्हणालं, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

मदतीच्या गाड्या लवकर परततात. पहिली दिवाळी आणि पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस मात्र जड जातो. तेव्हा पुन्हा एक फेरी मारा.