पाढे, संच आणि साईन बार

कोणत्या पद्धतीने शिकवले असता गणित चांगले येते? प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरे बहुधा घाईने दिली गेली आहेत. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ होत आणि व्यवहारातले हिशेब त्यावर झटपट सुटत. इंग्रजी अमदानीत युक्लिडची भूमिती आली. तिथेही सिद्धता घोकता येतात, हे मुलांनी लवकरच ओळखले!

1957 साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत 'नव्या गणिता'ने जोर धरला. घोकंपट्टीऐवजी संच, रचना, संकल्पना. तेथे 1962 ते 1967 या काळात एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. नव्या पुस्तकांवर शिकलेली मुले साधारणपणे समजेच्या प्रश्नांत पुढे, तर जुन्या पुस्तकांवरची आकडेमोडीत पुढे. म्हणजे ज्या पुस्तकाने जे शिकवले तेच आले. मग श्रेष्ठ पद्धत कोणती, याचा निकाल प्रश्नपत्रिका काढणाराच लावतो.

आपल्याकडे कोठारी आयोगाने (1964-66) पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना शिकवावे असे सुचवले. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 साली झाली. संचही पाठ्यपुस्तकात आले. 'जुन्या अकरावीचे गणित पक्के होते' असे अजूनही ऐकू येते. पण पूर्वी बीजगणित-भूमिती न घेताही शालान्त परीक्षा देता येई. निवडून आलेली थोडी मुले आणि सक्तीने बसलेली सगळी मुले यांच्या गुणांची तुलना आम्हाला तरी निरर्थक वाटते.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग वाहनांचे कारखाने आले आणि पुढे ही रांग चाकणपर्यंत पोचली. येथील टूलरूममध्ये कोन मोजायला साईन बार वापरतात. 100 मिलिमीटरच्या बारला 30 अंशांचा कल द्यायचा, तर एका टोकाखाली 50 मिलिमीटर उंचीचे स्लिप गेज लावायचे. 'साईन 30 म्हणजे एक द्वितीयांश' हे पाठ असलेल्या मुलाला इथे 50 हा आकडा सुचेलच असे नाही. ज्याला कारण कळले आहे, तोही किंमत आठवत नसेल तर कोष्टक शोधत बसेल. कामाला दोन्ही लागते. चाचणीत मात्र बहुतेकदा एकच तपासले जाते.

शाळेत दोन पद्धती ताडून पाहायच्या असतील, तर मुले चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्यांत वाटावी, शिक्षक शक्यतो एकच असावा, आणि दोन्ही प्रकारचे प्रश्न असलेली चाचणी लगेच व पुन्हा सहा महिन्यांनी घ्यावी. या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. कंत्राटी कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच गाव बदलतात. शेवटी उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर जिथली कच्ची मुले जास्त गेली ती पद्धत चांगली दिसते. म्हणून पहिल्या दिवशीचा पट जपून ठेवावा आणि कोण, कोणत्या तुकडीतून, केव्हा गेले हे त्यावर लिहीत जावे.