कवडी, पेसा आणि चौथा रकाना

आमच्या पॅरिशच्या सभागृहात नाताळच्या सुटीत मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा भरते आणि परीक्षकाची खुर्ची बहुधा आमच्या वाट्याला येते. काही वर्षांपूर्वी विषय होता आफ्रिका खंड. मुलांना चार रकान्यांचा तक्ता पाठ करावयास दिला होता : देश, राजधानी, चलन, भाषा. सातवीतील एक मुलगी उभी राहिली आणि जपमाळेचे मणी ओढावेत तशी म्हणत गेली, 'सेनेगल, डाकार, सीएफए फ्रँक, फ्रेंच. गॅबन, लिब्रव्हिल, सीएफए फ्रँक, फ्रेंच. अंगोला, लुआंडा, क्वांझा, पोर्तुगीज.' एकही चूक नाही. बक्षीस घेऊन खाली उतरताना मात्र तिने आम्हांला विचारले, 'सर, तिथल्या आज्यासुद्धा घरात फ्रेंचच बोलतात का?'

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्ही नीट देऊ शकलो नाही. सेनेगलमधील आजी बहुधा वोलोफ बोलते, एवढे आम्हांला ठाऊक होते. पण मग चौथ्या रकान्यात फ्रेंच का लिहिलेले असते? घरी येऊन आम्ही तोच तक्ता पुढ्यात घेऊन बसलो. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश आहेत. त्यांच्या त्या चार रकान्यांत दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, हे आमच्या ध्यानात येऊ लागले.

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिन येथे चौदा सत्तांचे प्रतिनिधी आफ्रिकेसंबंधी विचारविनिमय करण्यास जमले होते. त्या टेबलाभोवती आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. सगळ्या सीमा तेथेच आखल्या गेल्या असे पुष्कळदा सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. तेथे ठरले ते प्रदेश बळकावण्याचे नियम. रेघा पुढील वीस-पंचवीस वर्षांत ओढल्या गेल्या. पण परिणाम तोच. एकच भाषा बोलणारे लोक दोन-तीन झेंड्यांखाली विभागले गेले आणि परस्परांची भाषा न जाणणारे लोक एका झेंड्याखाली आले.

राजधानीचा रकाना त्यांतल्या त्यात सोपा. राज्यकर्ते बदलले की पाटी बदलता येते. बेल्जियमच्या राजाच्या नावाचे लिओपोल्डव्हिल १९६६ साली किन्शासा झाले. फोर्ट लामी १९७३ साली एन्जामेना झाले, लोरेन्सो मार्किस १९७६ साली मापुटो झाले आणि सॉल्सबरी १९८२ साली हरारे झाले. मात्र काँगो नदीच्या पैलतीरी, किन्शासाच्या अगदी समोर, ब्राझाव्हिल आजही ब्राझाव्हिलच आहे. ज्या संशोधकाच्या नावाने ते शहर वसले, त्याच्या अस्थी २००६ साली तेथे समारंभपूर्वक आणून ठेवण्यात आल्या. इतिहासाचा हिशेब प्रत्येक घरात सारखाच मांडला जातो असे नाही.

नाव बदलणे सोपे, जागा बदलणे अवघड. परकीयांच्या राजधान्या बहुशः समुद्रकाठी होत्या, कारण माल बोटीवर चढवायचा होता. स्वतंत्र देशांना देशाच्या मध्यभागी बसून राज्य करावेसे वाटले. नायजेरियाने १९९१ साली लागोस सोडून अबुजा गाठले. टांझानियाने दार-ए-सलाम सोडून डोडोमा येथे जाण्याचा निर्णय १९७३ साली घेतला, पण सरकारचे बिऱ्हाड खऱ्या अर्थाने हलले ते २०१६ नंतर. आयव्हरी कोस्टने १९८३ साली आपल्या अध्यक्षांच्या जन्मगावाला, यामुसुक्रोला, राजधानीचा मान दिला आणि तेथे एक प्रचंड बॅसिलिका उभी राहिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १० सप्टेंबर १९९० रोजी तिचे पवित्रीकरण केले, पण जवळच गोरगरिबांसाठी रुग्णालयही बांधले जावे अशी अट त्यांनी घातली होती. कोनशिला त्याच भेटीत बसली. रुग्णालय सुरू व्हायला पुढे दोन तपे जावी लागली.

चलनाच्या रकान्याशी मात्र आम्ही थबकलो, कारण तेथे आमच्याच घरातले शब्द भेटले.

घानाच्या चलनाचे नाव सेडी. स्वातंत्र्यानंतर १९६५ साली ब्रिटिश धर्तीच्या पौंडाऐवजी ते आले. अकान भाषेत या शब्दाचा अर्थ आहे कवडी! आपण 'फुटकी कवडी' म्हणतो, ती कवडी पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतके खरे नाणे म्हणून चालत होती. ती त्या किनाऱ्यावरची नव्हे. मालदीव बेटांच्या उथळ समुद्रात ती गोळा केली जाई, बंगाल आणि सिंहलद्वीपाच्या बंदरांत येई, तेथून पोर्तुगीज आणि पुढे डच व इंग्रज जहाजांतून युरोपात जाई आणि मग गिनीच्या किनाऱ्यावर उतरे. ज्या मालाच्या मोबदल्यात ती उतरवली जाई, त्यांत माणसेही होती. अठराव्या शतकात त्या किनाऱ्यावर गुलामांची किंमत पुष्कळदा कवड्यांत मोजली जात असे. हिंदी महासागरातला एक निरुपद्रवी शिंपला माणसाच्या गळ्यातील साखळी होऊन दुसऱ्या महासागरापार जातो, ही कथा वाचल्यावर सारीपाटावरच्या कवड्यांकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे आम्हांला जमलेले नाही. घानाने तेच नाव स्वतंत्र देशाच्या नोटेवर छापले. ही केवळ हौस होती असे आम्हांला वाटत नाही.

पूर्व किनाऱ्यावर कथा वेगळी. स्वाहिली भाषेत धनाला 'पेसा' म्हणतात. आपला पैसाच तो! हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर तो झांझिबार, मोंबासा आणि आतल्या मुलुखात पोहोचला. १८९६ साली मोंबासाहून युगांडाकडे लोहमार्ग टाकण्याचे काम सुरू झाले, तेव्हा हजारो हिंदी मजूर तेथे नेण्यात आले आणि हिशेब रुपयांत होत असे. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चाले. शेजारच्या जर्मन वसाहतीतही 'रुपी' हेच नाव होते. पहिल्या महायुद्धात कोंडी झाली, तेव्हा १९१६ साली जर्मनांनी टाबोरा येथे पंधरा रुपीची सोन्याची नाणी पाडली आणि त्यांवर हत्ती कोरला. रुपया गेला, शिलिंग आले. पेसा हा शब्द मात्र राहिला. केनियात २००७ साली भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची जी सोय सुरू झाली, तिचे नावही 'एम-पेसा' असे आहे.

नावांची गोडी लागली की माणूस थांबत नाही. बोत्स्वाना हा बराचसा वाळवंटी देश. त्याने १९७६ साली आपले चलन सुरू केले आणि त्याला 'पुला' म्हणजे पाऊस हे नाव दिले. तेथे पुला हा आशीर्वादाचाही शब्द आहे. झांबियाच्या क्वाचाचा अर्थ पहाट. इथिओपिया थोडक्या वर्षांचा इटालियन ताबा सोडला तर वसाहत झालाच नाही, आणि त्याच्या तक्त्यात आदिस अबाबा, बिर, अंहारिक असे तिन्ही रकाने स्वतःचेच आहेत.

परंतु नाव स्वतःचे असले म्हणजे नाणे स्वतःचे होतेच असे नाही, आणि चौदा देशांकडे तर नावही स्वतःचे नाही. सीएफए फ्रँक २६ डिसेंबर १९४५ रोजी जन्मला, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ 'आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती' असा होता. वसाहती गेल्या, अक्षरे तीच ठेवून अर्थ तेवढा बदलण्यात आला. गिनीने १९५८ साली फ्रान्सला 'नाही' म्हटले आणि १९६० साली स्वतःचे चलन काढले. त्या बाणेदारपणाची जबर किंमतही मोजली. इतरांनी स्थैर्य पत्करले. ५० सीएफए म्हणजे एक फ्रेंच फ्रँक हा दर दीर्घकाळ अढळ होता. १९९४ च्या जानेवारीत तो १०० वर नेण्यात आला. बाजारात निघालेल्या गृहिणीच्या बटव्यातील पैशाचे बाहेरील मोल रातोरात निम्मे झाले. १९९९ पासून हे चलन युरोशी बांधलेले आहे आणि त्याच्या नोटा फ्रान्समध्येच छापल्या जातात. या व्यवस्थेचा सरसकट धिक्कार करणे सोपे आहे. शेजारच्या एखाद्या देशात भाकरीच्या किमतीसाठी पिशवीभर नोटा न्याव्या लागतात हे पाहिलेला माणूस मात्र दोनदा विचार करतो.

आता तो चौथा रकाना. येथे आपला संबंध अधिक जवळचा आहे, कारण मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे. संत फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघाले, ते १५४१-४२ चा हंगाम मोझांबिक बेटावर आजाऱ्यांची सेवा करीत थांबले आणि मगच मे १५४२ मध्ये गोव्यास पोहोचले. याच पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली गोव्यात फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. कोंकणी मेली नाही. लोकांच्या चुलीपाशी, शेतात, गाऱ्हाण्यांत आणि गाण्यांत ती टिकून राहिली.

मोझांबिकमध्ये उलटेच घडले. १९७५ साली स्वातंत्र्य आले, तेव्हा पोर्तुगीज जाणणारे थोडकेच होते. पण स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनीच ती राष्ट्राची भाषा म्हणून निवडली. अनेक भाषांच्या माणसांना एका छावणीत एकमेकांशी बोलायचे होते आणि कोणा एकाची मातृभाषा निवडली असती तर दुसरा दुखावला असता. राज्यकर्ते निघून गेल्यावरच त्यांची भाषा खऱ्या अर्थाने पसरली. अंगोलात २०१४ च्या जनगणनेनुसार सत्तर टक्क्यांहून अधिक लोक घरात पोर्तुगीज बोलतात. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सेनेगलमध्ये 'नाही', पण लुआंडात, निदान नातवंडांपुरते, 'होय' असे द्यावे लागेल.

टांझानियाने तिसरी वाट धरली. ज्युलियस न्येरेरे हे भाविक कॅथलिक. त्यांच्या संतपदासंबंधीच्या प्रक्रियेस २००५ साली प्रारंभ झाला आहे. एका नव्या देशाचा कारभार हाकीत असतानाच त्यांनी शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत उतरवले. ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. राज्यकारभाराला पुरेल एवढी ताकद या भाषेत आहे काय, असे विचारणाऱ्यांना त्यांचे हे उत्तर होते. स्वाहिली ही किनाऱ्यावरच्या व्यापाराची भाषा. आतल्या मुलुखातील बड्या जमातींपैकी कोणाचीच ती खास मालकीची नव्हती, हीच तिची सोय ठरली. २००४ साली आफ्रिकी संघाच्या सभेत मोझांबिकचे अध्यक्ष जोआकिम चिस्सानो उभे राहिले आणि स्वाहिलीत बोलू लागले, तेव्हा दुभाष्यांची तारांबळ उडाली. २०२२ साली संघाने स्वाहिलीला कामकाजाच्या भाषांत स्थान दिले.

याच स्वाहिलीत पोर्तुगीज शब्दही आहेत, आणि ते आपल्याला अनोळखी नाहीत. 'पेरा' म्हणजे आपला पेरू, 'पिपा' म्हणजे आपले पिंप. पण एक शब्द आम्हांला टोचला. तो म्हणजे 'गेरेझा'. अभ्यासक त्याचे मूळ पोर्तुगीज 'इग्रेझा' या शब्दात शोधतात. तीच आपली इगर्जी. स्वाहिलीत गेरेझा म्हणजे तुरुंग! मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधावयास घेतला. त्याच्या तटाआड प्रार्थनामंदिरही होते आणि पुढे १८९५ ते १९५८ पर्यंत तोच किल्ला तुरुंग म्हणून वापरला गेला. आतून गुडघे टेकणाऱ्याला जी वास्तू इगर्जी वाटली, ती बाहेरून पाहणाऱ्याला कशी दिसली असेल, हे त्या एका शब्दात नोंदले गेले आहे. ख्रिस्तमंदिराला स्वाहिली भाषक 'कानिसा' म्हणतात. तो शब्द त्यांनी अरबीतून घेतला.

या आठवणीबरोबर दुसरीही सांगितली पाहिजे. मॉरिशसमध्ये १८४१ साली फादर जाक लावाल नावाचे फ्रेंच धर्मगुरू उतरले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांची क्रिओल बोली सभ्य लोक भाषा मानीतच नसत. फादर ती शिकले आणि त्यांनी धर्मशिक्षणाचा पाठ तीत रचला. १९७९ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. दर ९ सप्टेंबरला सर्व धर्मांचे लोक त्यांच्या कबरीपाशी जमतात. सरकारी प्राथमिक शाळांत क्रिओलला प्रवेश मिळाला तो २०१२ साली. त्या देशात मराठी बोलणारा समाजही आहे आणि चलन रुपया आहे. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ अक्षरे हिंदीच्या खाली गेली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या.

अलीकडे तक्ता पुन्हा हलू लागला आहे. मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचची राजभाषेची वस्त्रे उतरवून तिला कामकाजापुरती ठेवली आणि तेरा देशी भाषांना तो मान दिला. बुर्किना फासोनेही तीच वाट धरली, आणि २०२५ साली नायजरने हौसाला राष्ट्रभाषा ठरवले. या तिघांच्या खिशात मात्र अद्याप सीएफए फ्रँकच आहे.

गेल्या नाताळात आम्ही स्पर्धेसाठी तक्ता नव्याने लिहावयास घेतला आणि त्यात पाचवा रकाना आखला : घरात बोलली जाणारी भाषा. इथिओपियापाशीच तो अरुंद पडू लागला. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत. तेथे आल्यावर आम्ही खाली दुसरा कागद चिकटवला.