चवळीच्या डब्यातले 104 तास

आईने गावाहून पाठवलेली पाच किलो चवळी महिनाभरात पोखरली गेली. अळी दाण्यात शिरली ती वेळ शून्य धरून, किड्याच्या वाढीच्या दिवसांवरून मागे मोजत हा हिशोब लावला आहे.

शुक्रवार, रात्री 10. उरले 104 तास.
अख्खी पिशवी भरलेल्या फ्रीझरमध्ये कशीबशी कोंबली. काही दाण्यांवर चमकदार ठिपके होते, पाण्याचा थेंब वाळावा तसे, खसखशीहूनही बारीक. डाग समजून मी सोडून दिले. ती भुंगेऱ्याची अंडी होती. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, दाण्याला घट्ट चिकटवून.

रात्री 12. उरले 102 तास.
कडेचे दाणे गारठले, मधले अजून कोमट. आणि गारठलं म्हणजे अंडं मेलं, असंही नाही. शून्याखाली पाणी गोठतंच अशी आपली समजूत. पण थेंब जितका बारीक, तितकं ते न गोठता राहू शकतं. बर्फ धरायला एखादा कणही लागतो. अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यात पाणी ते किती, आणि आत खाल्लेल्या अन्नाचा कणही नाही. म्हणून नुसत्या गारठ्यात अंडं तगू शकतं.

पहाटे 3. वीज गेली, दोन तासांनी आली.

शनिवार, सकाळी 6. उरले 96 तास.
पाहुणे येणार होते, फ्रीझर रिकामा हवा होता. पिशवी बाहेर काढून लगेच उघडली. हात घातला, तर मधली चवळी वरच्याइतकी गार नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. बघता बघता थंड दाण्यांवर दव धरलं. तशीच डब्यात ओतली.

सोमवार, रात्री 10. उरले 32 तास.
डबा बंद. आजी चवळीला एरंडेल चोळून ठेवायची. तेलाच्या थराखाली अंडं गुदमरतं. मी चोळलं नव्हतं.

मंगळवार, संध्याकाळी 6. उरले 12 तास.
अंड्यात काळा ठिपका: अळीचं डोकं.

बुधवार, सकाळी 6. शून्य.
अळी बाहेर येतच नाही. अंड्याचा तळ कुरतडून थेट दाण्यात उतरते, आणि तिच्या भुशाने रिकामं कवच पांढरं होतं. पांढरा ठिपका दिसला की उशीर झालेला असतो. पुढे तीन-चार आठवड्यांनी दाण्यांना गोल खिडक्या पडल्या आणि डब्यात भुंगेरे फिरू लागले. सगळी चवळी टाकून द्यावी लागली.

तुमच्याकडे गावचं कडधान्य आलं, तर आधी दाणे उजेडात धरून बघा. किलो-किलोच्या पिशव्या करून उणे 18 अंशांवर पूर्ण चार दिवस ठेवा. मध्ये वीज गेली तर दिवस वाढवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.