गळणारं पाणी आणि अडवणारी कडी : मोटारीतल्या एका वायसरचा इतिहास

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक वस्तू सोबत आणली आहे. मागच्या रांगेतल्या मंडळींना ती दिसणार नाही, कारण ती अंगठ्याच्या नखावर सहज मावते. काळ्या रबराची गोल कडी. गॅरेजमध्ये हिला 'ओरिंग' म्हणतात, जुने मिस्त्री नुसतं 'वायसर' म्हणतात. ही कडी आमच्या पंचवीस वर्षांच्या जुन्या गाडीतून निघाली. हिच्यामुळे आमचं इंजिन जवळजवळ गेलं होतं.

झालं असं. दर आठवड्याला रेडिएटरमधलं कूलंट अर्धा लिटर कमी व्हायचं. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर तापमानाचा काटा वर चढायला लागायचा. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, की हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा असा सांगितला की गाडी भंगारात काढावी की काय, अशी चर्चा घरात सुरू झाली. शेवटी सापडलं ते हे. इंजिनाच्या मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, एक लोखंडी पाइप वॉटर पंपात जाऊन बसतो. त्या जोडावर ही कडी. तिथून झिरपलेलं पाणी गरम इंजिनावर पडायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. म्हणून खाली थेंब नाही.

आता प्रश्न असा की इतकं महाग यंत्र इतक्या स्वस्त कडीवर अवलंबून कधीपासून राहायला लागलं? कारण सुरुवातीला तसं नव्हतं. सुरुवातीच्या मोटारीत पाणी जाणं हा बिघाडच मानत नसत.

कार्ल बेंझची 1886 ची तीन चाकी गाडी बघा. तिच्यात पाणी सिलिंडरभोवती तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन जायचं. इंजिन थंड ठेवण्याची पद्धतच ती होती. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभर किलोमीटरच्या वर. इंधनासाठी ती वीस्लोखच्या औषधाच्या दुकानात थांबली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण इंधनापेक्षा कितीतरी जास्त वेळा तिला पाण्यासाठी थांबावं लागलं, हे कमी जण सांगतात. विहीर, ओढा, खाणावळ, जिथे मिळेल तिथे पाणी. अशा गाडीत एखादा जोड थोडा गळला तर कोणाला काय फरक पडणार?

पाणी तेच ते परत वापरायचं ही कल्पना रेडिएटरबरोबर आली. विल्हेल्म मायबाखने 1901 च्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. आठ हजारांहून जास्त बारीक चौकोनी नळ्या, त्यातून वारा जाणार आणि भोवतीचं पाणी निवणार. त्यामुळे थोड्याशा पाण्यात काम भागायला लागलं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर बहुतेक वर्षं वॉटर पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्यावर गाडी चालायची. जिथे पंप होता तिथे त्याच्या फिरत्या दांड्याभोवती ग्रॅफाइट लावलेली दोरी ठासून भरत. ही दोरी थोडी ठिबकलीच पाहिजे, असा नियम होता, कारण ठिबकणारं पाणीच दांड्याला वंगण आणि गारवा द्यायचं. जास्त आवळली तर दांडा घासून जायचा. बाकीच्या जोडांना चामडं, कॉर्क, तागाचा धागा, वर शेंदूर. हो, शेंदूरच. आपण मारुतीला लावतो तो शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, आणि तेलात कालवून ते जगभरच्या नळकाम करणाऱ्यांनी जोडांना लावलेलं आहे.

म्हणजे सहनशील व्यवस्था होती. आपण तिला अडाणी म्हणतो, पण ती चुका पोटात घालायची. ती बदलली दोन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे ग्लायकॉल. थंड देशांत रात्री पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकायचा. म्हणून पाण्यात अल्कोहोल घालत, पण ते उडून जायचं. 1927 मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. हे उडत नाही, पण महाग होतं आणि पाण्यापेक्षा बारीक फटीतून झिरपतं. पाणी गळलं तर ओढ्यावर थांबता येतं, ग्लायकॉल गळलं तर खिशातून जातं. गळतीला किंमत आली ती इथे.

दुसरी गोष्ट दाब. पाण्यावर दाब दिला की ते उशिरा उकळतं. चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उकळणबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वर जातो. म्हणून रेडिएटरला स्प्रिंगचं झाकण आलं. छोट्या रेडिएटरमध्ये जास्त उष्णता वाहून नेता आली आणि गाडीचं नाक लहान झालं. विमानांत हाच प्रवास जास्त त्रासाचा झाला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. नंतर दाबाखालचं मिश्रण आलं, सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल. पण दाब आला की प्रत्येक जोड सतत आतून ढकलला जातो. पूर्वी पाणी फक्त वजनाने खाली ठिबकायचं, आता ते वाट शोधत बाहेर यायला बघतं.

आणि इथे आपली कडी येते.

नील्स क्रिस्टेन्सेन 1865 साली डेन्मार्कमध्ये जन्मला, 1891 मध्ये अमेरिकेला गेला. ट्रामच्या हवेच्या ब्रेकवर त्याने नाव कमावलं. ओ-रिंगच्या पेटंटचा अर्ज केला 1937 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आणि पेटंट मिळालं 1939 मध्ये. रबराची गोल कडी त्याच्याआधी नव्हती असं नाही. त्याचं खरं काम कडी हे नव्हतं, कडी बसते ती खाच हे होतं. खाच कडीच्या जाडीच्या साधारण दीडपट लांब हवी, म्हणजे कडीला थोडं हलायला, लोळायला जागा मिळते. बसवताना ती किंचित दाबली गेली पाहिजे. मग आतून दाब आला की कडी खाचेच्या एका बाजूला ढकलली जाते, चेपते आणि फट भरून टाकते. दाब जितका जास्त, तितकी घट्ट. जो दाब गळती करायला निघाला आहे, त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं, असा हा प्रकार. चामड्याच्या चपट्या वॉशरला हे जमत नसे. त्याला माणसाने आवळावं लागायचं.

युद्ध आलं, विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेला अशीच कडी हवी होती. अमेरिकन सरकारने पेटंटचे हक्क घेऊन ते सगळ्या कारखान्यांना खुले केले. क्रिस्टेन्सेनला 75,000 डॉलर मिळाले. त्या काळी रक्कम लहान नव्हती, पण आज बहुतेक हायड्रॉलिक यंत्रं या कडीशिवाय चालत नाहीत, हे लक्षात घ्या. 1952 मध्ये तो वारला. मर्सिडीज, फोर्ड ही नावं आपल्या तोंडात असतात. याचं नाव या सभागृहात किती जणांनी ऐकलं होतं? (हात वर झाले नाहीत.) ठीक आहे.

कडीचा आकार सुटला, पण ती कशाची करायची हा प्रश्न राहिला, आणि आम्ही आपटलो ते इथेच. ते आधी सांगून टाकतो. पहिल्यांदा कडी बदलली तेव्हा मापाची कडी मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. नाना पेठेतल्या दुकानात कड्यांचा डबाच होता. काळी, गोल, मापाला बरोब्बर. बसवली, गळती थांबली. सात महिन्यांनी काटा परत वर. काढून बघितली तर कडी कडक, खालून-वरून चपटी झालेली, नखाने दाबली तर चीर पडली. ती नायट्राइल रबराची होती. नायट्राइल 1930 च्या दशकात जर्मनीत आलं ते तेलाला टिकणारं रबर म्हणून, आणि तेलाच्या कामाला ते उत्तमच आहे. नैसर्गिक रबर तेलात फुगतं, हे फुगत नाही. पण इंजिनाजवळच्या सततच्या उष्णतेत ते हळूहळू कडक होतं.

कूलंटच्या जागी लागतं दुसरं रबर, इपीडीएम. इटालियन रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांच्या उत्प्रेरकांवरच्या कामातून एथिलीन-प्रॉपिलीनची रबरं निघाली आणि 1960 च्या दशकात बाजारात रुळली. गरम पाणी, वाफ, ग्लायकॉल यांना ती छान टिकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही इपीडीएमची कडी आणली आणि अभिमानाने तिला साधं ग्रीस चोपडलं, नीट सरकावी म्हणून. इपीडीएमचं वैर नेमकं पेट्रोलियमच्या तेल-ग्रीसशी आहे. कडी फुगली, पाइप आत घालताना खाचेतून बाहेर येऊन चिमटली आणि कापली गेली. दोन्ही कड्या दिसायला सारख्या काळ्या, डब्यात शेजारी शेजारी पडल्या तर ओळखू येत नाहीत. रसायनशास्त्राचा शंभर वर्षांचा इतिहास दुकानदाराच्या डब्यात मिसळून जातो, आणि गिऱ्हाईक फक्त माप विचारतं.

रबराची लवचीकता तापमानावर अवलंबून असते, हे जगाने एकदा टीव्हीवर पाहिलं आहे. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान फुटलं आणि सात जण गेले. फेब्रुवारीत रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या बैठकीत कडीच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. थंडीत ते रबर पटकन उसळी घेत नव्हतं. आमच्या कडीचा शत्रू उष्णता, त्या कडीचा थंडी. दुखणं मात्र एकच : फट हलते तेव्हा कडीने पाठोपाठ जायला हवं, आणि ती जात नाही.

आता आपल्याकडे येऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट 1100 तयार व्हायची, 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत होती. या गाडीच्या भोवती दुरुस्तीचं एक स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं, आणि ते कुठल्याही पुस्तकात नाही. पॅकिंगचा कागद जोडावर ठेवून हातोडीने हलके ठोके मारत कडा कापणं, आम्ही लहानपणी तासन् तास बघितलं आहे. भोकं पाडायला छर्रा. घाटात रेडिएटर गळायला लागला तर त्यात मूठभर हळद. हसू नका. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरत फटीपर्यंत पोचते आणि तिथे साचून बसते. घरी पोचण्यापुरतं चालायचं. पुढे रेडिएटरच्या नळ्या तुंबायच्या तो भाग वेगळा. परदेशात हेच काम डब्यातल्या पुडीने करत, फक्त त्यावर छापील नाव असायचं.

टॅक्सीवाल्याला एक दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे एका दिवसाची कमाई. तेव्हा हळद ही गंमत नव्हती, हिशोब होता. आणि त्या जुन्या इंजिनात हळद चालायची, कारण फटी मोठ्या होत्या आणि जोड हाताखाली होते. आमच्या गाडीच्या काळात जोड इंजिनाच्या पाठीमागे गेला, जिथे डोळा पोचत नाही. त्यामुळे 'हेड गॅस्केट गेलंय' असं म्हणणाऱ्यावर आम्ही फार रागावत नाही. दिसत नाही त्याचा अंदाज करावा लागतो, आणि मोठा अंदाज जास्त पैसे देतो.

शोधलं कसं, हे विचारणार आहातच, तर सांगतो. इंजिन पूर्ण गार. गरम असताना झाकण उघडायचं नाही, चेहरा भाजतो. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, त्याला दाबाचा काटा असतो. झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा, वर नाही. मग थांबायचं. आमचा काटा वीस मिनिटांत निम्म्यावर आला. इंजिन गार असल्यामुळे झिरपलेलं पाणी उडून गेलं नाही. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन मागे बघितलं, तर पाइपाभोवती हिरवट-पांढरा खर साठलेला आणि त्यातून एक थेंब फुगत होता. तो थेंब बघून चौघं माणसं एकदम ओरडली, शेजारी बाहेर आले.

तिसऱ्या खेपेला घाई केली नाही. पाइपाच्या टोकावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, कारण खरबरीत लोखंडावर नवी कडीही झिरपते. खाच कापडाने पुसली, लोखंडी टोचणी घातली नाही. कडी कूलंटमध्येच भिजवली आणि पाइप सरळ रेषेत, न पिळता आत ढकलला. शेजारची दुसरी कडीही बदलली. ती गळत नव्हती, पण वय तेच होतं. मग कूलंट भरून, हीटर चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

याला आता दोन पावसाळे झाले. मागच्याच महिन्यात खोपोलीहून खंडाळ्याला चढलो, काटा मधोमध. शिंगरोबाला नाणं मात्र टाकलं.

तिसऱ्या रांगेतून हात वर आहे. विचारा.